रानकांदा : कोकण किनाऱ्यावरील एक औषधी व विषारी कंद

चैत्र-वैशाखात कोकणातील पुळणींवर मर्यादवेलीचे जाळे व रावणाच्या मिशांचे काटेरी झुबके यांखेरीज हिरवे असे फारसे काही उरत नाही. अशा दिवसांत तापलेल्या वाळूतून एखादा सरळ, पानविरहित दांडा वर आलेला दिसतो. त्याच्या वरच्या भागावर एकमेकांपासून अंतर राखून, लांब देठांवर लोंबणारी मळकट तपकिरी-हिरवट रंगाची लहान फुले असतात. बुंध्याशी एकही पान नसते. पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या म्हणजे हा दांडा वाळून नाहीसा होतो व त्याच जागी चपट्या, लांबट पानांचा झुबका उगवतो. फुलांच्या वेळी पान नाही आणि पानांच्या वेळी फूल नाही, या रीतीमुळे दोन्ही अवस्था एकाच वनस्पतीच्या आहेत हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ही वनस्पती म्हणजे रानकांदा होय.

खोकला, दमा, अंगावरील सूज, जंत, पायातील भोवरी अशा अनेक तक्रारींवर या कांद्याचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. हे उपयोग केवळ समजुतीवर आधारलेले नाहीत. या कांद्यात हृदयावर थेट परिणाम करणारी प्रभावी द्रव्ये आहेत, हे रसायनशास्त्राने सिद्ध केले आहे. परंतु ज्या द्रव्यामुळे तो औषध ठरतो, त्याच द्रव्यामुळे तो विषही ठरतो. झाडपाल्याचे औषध गुण देईल, निदान अपाय तरी करणार नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. रानकांद्याच्या बाबतीत तो समज जिवावर बेतू शकतो. म्हणून या वनस्पतीची ओळख किनाऱ्यावरील प्रत्येक शेतकरी कुटुंबास असणे अगत्याचे आहे.

नाव व ओळख

मराठीत या वनस्पतीस रानकांदा किंवा कोळकांदा म्हणतात. संस्कृत निघंटूंत कोलकंद असे नाव येते व तो तिखट, उष्ण आणि कृमिनाशक असल्याचे वर्णन आढळते. कोल म्हणजे रानडुक्कर. आधुनिक वैद्यकग्रंथ हे नाव रानकांद्यास लावतात. वनपलांडु हेही त्याचेच नाव. हिंदीत जंगली प्याज, गुजरातीत पाणकांदो, आणि युनानी हकिमांच्या बोलीत इस्कील अथवा उन्सुल अशी नावे आहेत. शास्त्रीय नाव मात्र अनेकदा बदलले. रॉक्सबर्ग यांनी त्यास सिला इंडिका म्हटले. पुढे दीर्घकाळ ते अर्जिनिया इंडिका या नावाने ग्रंथांत राहिले. १९७७ साली जेसप यांनी त्याचा समावेश ड्रिमिया या प्रजातीत केल्यापासून ड्रिमिया इंडिका हे नाव रूढ झाले आहे. जुन्या पुस्तकांतील अर्जिनिया व नव्या पुस्तकांतील ड्रिमिया ही एकच वनस्पती होय, एवढे लक्षात ठेवले म्हणजे गोंधळ होत नाही. अर्जिनिया हे नावही मौजेचे आहे. अल्जीरियातील बेनी उर्जिन नावाच्या अरब टोळीवरून १८३४ साली ते देण्यात आले, आणि कोकणातल्या वाळूतील कांद्यालाही तेच चिकटले.

रानकांदा समुद्रकाठच्या वाळूत विशेष वाढतो. कोकणाप्रमाणेच पूर्वेच्या कोरोमंडल किनाऱ्यावरही तो आहे. तथापि तो केवळ किनाऱ्याचा रहिवासी नव्हे. देशावरील कोरड्या, मुरमाड टेकड्यांवर व भारताच्या इतर अनेक भागांतही तो आढळतो. जेथे पाणी साचत नाही व उन्हाळा कडक असतो, अशी जमीन त्यास मानवते.

त्याचा कांदा गोल अथवा अंडाकृती, पांढुरका, लिंबापासून मोठ्या खाण्याच्या कांद्याएवढा असून एकावर एक बसलेल्या मांसल पापुद्र्यांचा बनलेला असतो. बाहेरचे पापुद्रे कागदासारखे सुके असतात. पाने वीतभर ते हातभर लांब, बोटभर रुंद, चपटी व टोकाकडे निमुळती असतात. फुलांचा दांडा गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच होतो. फुलास सहा पाकळ्या व सहा पुंकेसर असतात. फळ म्हणजे दोन्ही टोकांस निमुळते होत जाणारे तीन कप्प्यांचे बोंड असून त्यात काळी, चपटी, हलकी बिया असतात व त्या वाऱ्याने पसरतात.

येथवरचे वर्णन वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात मिळेल. घरातील माणसास याहून निराळी माहिती हवी असते : हा कांदा आणि जेवणातील कांदा यांतील फरक कसा ओळखावा? बाहेरून पाहता दोन्ही इतके सारखे दिसतात की औषधासाठी खणून आणलेला रानकांदा स्वयंपाकघरातील टोपलीशेजारी ठेवणे हीच मोठी चूक ठरते. खूण एकच आणि ती खात्रीची आहे, ती म्हणजे वास. खाण्याचा कांदा कापताच उग्र वास येतो व डोळ्यांत पाणी येते. रानकांद्यास तो वास मुळीच नाही. कापल्यावर बुळबुळीत, चिकट रस निघतो व तो हातास लागल्यास खाज सुटते, कारण त्यात सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. पानांतही भेद आहे. खाण्याच्या कांद्याची पात पोकळ नळीसारखी असते, रानकांद्याचे पान भरीव व चपटे असते. चव घेऊन परीक्षा करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

दुसरा धोका मृगाच्या दिवसांतला आहे. या वेळी कुलीची अथवा फोडशीची कोवळी पाने भाजीसाठी खुडून आणण्याची चाल कोकणात व घाटमाथ्यावर सर्वत्र आहे. नेमक्या त्याच सुमारास रानकांद्याची पाने जमिनीतून वर येतात, आणि कोवळेपणी दोन्हींत सराईत नजरेलाच फरक कळतो. अशा वेळी केवळ पान पाहून खुडू नये. शंका आल्यास रोप उकरून पाहावे. कुलीच्या मुळाशी मांसल मुळ्यांचा झुबका असतो, कांदा नसतो. जमिनीखाली पापुद्र्यांचा कांदा लागला व त्यास कांद्या-लसणीचा वास नसला, तर ती भाजी घरात आणू नये. मुलांना एकटे भाजी खुडण्यास धाडताना ही खूण त्यांना आधी दाखवून ठेवावी.

किनाऱ्यालगत आढळणारा गडांबी कांदा अथवा नागदवणा ही निराळी वनस्पती आहे. तिची पाने रुंद व मोठी, फुले पांढरी, सुवासिक व दांड्याच्या टोकास एकत्र गुच्छात येणारी असतात. तिचा पाला सुजेवर बांधतात. तिच्याही कांद्यात वांती घडवून आणणारे द्रव्य आहे, पण ते रानकांद्यातील द्रव्याहून वेगळे होय. बाजारात भुईकांदा या नावाने येणारा लहान कंदही रानकांद्यात मिसळलेला आढळतो.

परंपरागत उपयोग

रानकांद्याचा सर्वांत जुना व सर्वांत अधिक प्रसार पावलेला उपयोग छातीतील कफावर आहे. जुनाट खोकला, कफ घट्ट होऊन न सुटणे, दम्याने श्वास कोंडणे, अशा वेळी वैद्य सुकविलेल्या कांद्याचे अगदी थोडे चूर्ण मधातून देत. युनानी वैद्यकात याच कांद्याचा शिरका करतात व शिरका आणि मध एकत्र शिजवून सिकंजबीन उन्सुली नावाचे पाक-औषध बनवितात. दुसरा उपयोग जलोदरावर व अंगावरील सुजेवर. लघवी साफ होऊन सूज उतरते, असा अनुभव होता. तिसरा जंतांवर. याखेरीज सांधेदुखीवर ठेचलेला कांदा बाहेरून बांधणे, चामखिळीवर रस लावणे व पायाच्या तळव्यातील भोवरीवर अथवा कुरुपावर भाजलेल्या कांद्याची चकती बांधणे हे घरगुती उपाय होते. अडलेली पाळी सुरू व्हावी म्हणूनही तो दिला जाई. हा शेवटचा उपयोग अत्यंत घातक असून गर्भवती स्त्रीच्या जिवास त्यापासून थेट भय आहे.

असाच कांदा भूमध्य समुद्राच्या काठीही वाढतो. तो रानकांद्याचा सख्खा भाऊ होय. त्याचे नाव ड्रिमिया मारिटिमा. तो आकाराने पुष्कळ मोठा असतो व ग्रीकांनी त्यास फार प्राचीन काळापासून औषधात घेतले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने तो कांदा कणकेत अथवा मातीत लपेटून भाजण्याची रीत लिहून ठेवली आहे. आपल्याकडील पुटपाकाची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. त्याच कांद्याचा शिरका व मध यांचे मिश्रण युरोपात खोकल्याचे औषध म्हणून शतकानुशतके चालले आणि इंग्लंडमधील खोकल्याच्या औषधांत तर विसाव्या शतकातही त्याचा अंश राही. हिंदुस्थानात आलेल्या युरोपीय वैद्यांना तो कांदा समुद्रापलीकडून मागवावा लागे. येथील रानकांद्यात तेच गुण आहेत हे आढळल्यावर त्यांनी त्याची पर्यायी द्रव्य म्हणून नोंद केली, आणि पुढे ब्रिटिश व भारतीय औषधकोशांत त्यास स्थान मिळाले. अरब हकिमांनी ही बरोबरी त्याच्या पुष्कळ आधी ओळखली होती.

एकमेकांपासून इतक्या दूरच्या लोकांनी दोन भिन्न, परंतु नात्यातल्या कांद्यांचा उपयोग कफ व सूज या त्याच दोन विकारांवर करावा, हा योगायोग नव्हे. त्याचे कारण कांद्यातील द्रव्यांत आहे.

औषध आणि विष यांतील अंतर

रानकांद्यात सिलारेन, प्रोसिलारिडिन यांसारखी द्रव्ये असतात. हृदयविकारावरील प्रसिद्ध औषध डिजिटॅलिस, ज्याचा अभ्यास विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ साली प्रसिद्ध केला, त्याच्याशी या द्रव्यांचे निकटचे साम्य आहे. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारी व पोटॅशियम आत घेणारी एक यंत्रणा अहोरात्र चालू असते. रानकांद्यातील द्रव्ये ही यंत्रणा मंद करतात. त्यामुळे हृदयाच्या स्नायूंत कॅल्शियम साठते, स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतात आणि नाडी सावकाश चालू लागते. दुर्बल झालेल्या हृदयास याने बळ मिळते, मूत्रपिंडांकडे रक्त नीट पोहोचते व अंगात साचलेले पाणी लघवीवाटे निघून जाते. जलोदरावरील जुन्या अनुभवाचा उलगडा असा होतो. अर्थात सूज हृदयाच्या दुर्बलतेमुळे आली असेल तरच हे खरे. यकृताच्या अथवा मूत्रपिंडाच्या विकाराने आलेल्या सुजेवर त्याचा तसा लाभ नाही, आणि मूत्रपिंड बिघडलेले असता हृदयावर काम करणारी असली तीव्र द्रव्ये अधिकच धोक्याची असतात. कोणती सूज कशामुळे आली आहे, हे घरी बसून कळत नाही.

कफावरील क्रिया निराळ्या मार्गाने होते. अल्प प्रमाणात हा कांदा पोटात गेला असता जठराच्या अस्तरास किंचित चाळवतो, व त्याची प्रतिक्रिया म्हणून श्वासनलिकांत पातळ स्राव सुटून घट्ट कफ सैल होतो. प्रमाण थोडे वाढले की तीच चाळवण मळमळ व वांती आणते. त्याहून वाढले की रक्तात गेलेले द्रव्य हृदयाचा ताल बिघडवते. कफ सुटणे, वांती होणे आणि हृदय थांबणे या एकाच जिन्याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि त्या एकमेकींपासून फार दूर नाहीत.

मात्रा किती लहान असते ते पाहावे. औषधकोशांत सुकलेल्या चूर्णाची मात्रा ६० ते २०० मिलिग्रॅम सांगितली आहे. म्हणजे अर्ध्या गुंजेपासून दीड-पावणेदोन गुंजांपर्यंत. ओला कांदा सुकविला असता त्याचे सुमारे चार-पंचमांश वजन घटते. शंभर ग्रॅम वजनाच्या एका कांद्यापासून वीस ग्रॅमच्या आसपास चूर्ण मिळते, असे धरले तर वरच्या मर्यादेच्या शंभर मात्रा एका कांद्यात भरतात. ज्याला कोणी कांद्याची अर्धी फोड म्हणेल, त्यात कित्येक दिवसांचे औषध एकदम पोटात जाते. हा हिशेब मात्रा ठरविण्यासाठी दिलेला नाही. चमच्याने अथवा फोडीने मोजण्याजोगी ही वस्तू नव्हे, हे ध्यानात यावे एवढ्यासाठी दिला आहे.

शिवाय वजन अचूक केले तरी प्रश्न सुटत नाही. सर्व रानकांदे सारखे नसतात. गुणसूत्रांची संख्या काहींत वीस, काहींत तीस, तर काहींत चाळीस असते. बाहेरून मात्र ते एकच दिसतात. जमीन, हंगाम, कांद्याचे वय आणि वाळविण्याची रीत यांप्रमाणेही प्रभावी द्रव्यांचे प्रमाण कमीजास्त होते. एका पुळणीवरील कांद्याने गुण आला, म्हणून दुसऱ्या टेकडीवरील तितक्याच वजनाचा कांदा तेवढेच काम करील याची शाश्वती नाही. याच अडचणीमुळे आधुनिक वैद्यकाने हा कांदा बहुतांशी बाजूस सारला व शुद्ध, मोजता येणारी द्रव्ये स्वीकारली. जाणता वैद्य ही अडचण आपल्या परीने सांभाळीत असे : एकाच जागेचे कांदे घेणे, अत्यल्प मात्रेने आरंभ करणे, मळमळ सुरू होताच औषध थांबविणे. ते ज्ञान त्या माणसाच्या हातात होते. त्याच्या पश्चात ऐकीव माहितीवर तोच प्रयोग करणाऱ्यापाशी कांदा असतो, हात नसतो.

भाजल्याने अथवा उकळल्याने विष निघून जाते, अशी समजूत ऐकू येते. तिच्यावर विसंबू नये. भाजल्याने रस मऊ होतो, खाज कमी होते. परंतु हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये पूर्णपणे नष्ट होतील असा भरवसा देता येत नाही.

बाहेरून लावण्याचे उपाय त्या मानाने कमी धोक्याचे. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यास भोवरीचा त्रास किती होतो हे सांगावयास नको, व भाजलेल्या चकतीने घट्टा मऊ पडून सुटतो हा अनुभव पुष्कळांचा आहे. येथेही दोन गोष्टी पाळाव्या. कातडीवर जखम अथवा चीर असता कांदा बांधू नये. आणि मधुमेह असलेल्याने हा उपाय मुळीच करू नये. मधुमेहात पायाची संवेदना मंदावते, फोड आला तरी कळत नाही, आणि भोवरी घालविण्याच्या नादात जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. हृदयाच्या विकारावर डिगॉक्सिन किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांनी, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हा कांदा कोणत्याही स्वरूपात पोटात घेऊ नये. लहान मुलांना तो मधातून चाटविण्याची चाल जेथे असेल तेथे ती बंद व्हावी. खोकल्यासाठी आज प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात याहून सुरक्षित औषध मिळते.

या कांद्यातील द्रव्यांवर अलीकडे कर्करोगाच्या दृष्टीने प्रयोगशाळांत संशोधन होत असते. काचपात्रातील पेशींवर दिसलेला परिणाम आणि रोगी बरा होणे यांत फार मोठे अंतर आहे. तेवढ्या वार्तेवर कोणी चूर्ण विकू लागल्यास ते घेऊ नये.

विषबाधेची लक्षणे व तातडीचे उपाय

रानकांदा अधिक प्रमाणात पोटात गेल्यास प्रथम मळमळ, वांती, पोटात कळ व जुलाब होतात. पुष्कळदा घरचे लोक हा अपचनाचा प्रकार समजून स्वस्थ बसतात, आणि घात तेथेच होतो. त्यानंतर अशक्तता, चक्कर, दृष्टी अंधुक होणे किंवा वस्तू पिवळसर दिसणे, नाडी फार मंद अथवा अनियमित चालणे ही लक्षणे येतात. वांती थांबली म्हणजे धोका टळला असे समजू नये.

रोग्यास विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मिठाचे पाणी पाजून अथवा घशात बोटे घालून वांती करविण्याचा प्रयत्न करू नये. दूध, तूप, ताक अशा उताऱ्यांत वेळ दवडू नये. रोग्यास चालवू नये, पडून राहू द्यावे. जो कांदा अथवा पाला खाण्यात आला असेल त्याचा उरलेला भाग बरोबर न्यावा व तो साधारण किती व केव्हा खाल्ला हे डॉक्टरांस सांगावे. "रानकांद्यात डिजिटॅलिससारखे विष आहे" एवढे एक वाक्य सांगितले तरी उपचाराची दिशा ठरण्यास मदत होते. हृदयाचा आलेख काढणे, रक्तातील पोटॅशियम तपासणे व त्याप्रमाणे उपचार करणे हे रुग्णालयातच शक्य आहे.

गुरे व उंदीर

गुरे सहसा या कडू वनस्पतीस तोंड लावीत नाहीत. तथापि भुकेले जनावर निवड करीत नाही. दक्षिण आफ्रिकेत याच प्रजातीतील काही वनस्पतींस तेथील शेतकरी 'स्लांगकॉप', म्हणजे सापाचे डोके, म्हणतात. गवत फुटण्यापूर्वी त्यांचे कोंब वर येतात, हिरव्याच्या आशेने गुरे ते खातात व दगावतात. आपल्याकडेही वैशाखअखेर, चारा संपत आलेला असता, आणि पहिल्या पावसानंतर गवत पुरते वर येण्याआधी अशीच परिस्थिती असते. ज्या माळावर वा पुळणीवर रानकांदा दाट आहे तेथे या दिवसांत उपाशी गुरे मोकळी सोडू नयेत. घरून थोडा पेंढा घालून मगच चरावयास न्यावे. नांगरटीत वर आलेले कांदे बांधावर टाकून न देता पुरून टाकावे.

भूमध्य समुद्राकाठच्या कांद्याच्या तांबड्या जातीपासून पूर्वी उंदीर मारण्याचे औषध करीत. उंदरास वांती होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले विष बाहेर पडत नाही. या एका गोष्टीवर ते औषध आधारलेले होते. पुढे वॉरफरिनसारखी द्रव्ये आली व ते मागे पडले. रानकांदा ही ती तांबडी जात नव्हे. तो ठेचून घरात उंदरांसाठी आमिष ठेवण्याचा प्रयोग मुलांस व पाळीव जनावरांस धोक्याचा ठरेल.

काढणी, लागवड व रक्षण

औषधनिर्मितीसाठी मागणी असल्यास कांदे फुलोरा सुकल्यावर, पाऊस लागण्यापूर्वी काढतात. बाहेरचे सुके पापुद्रे व मधला गाभा टाकून देऊन उरलेल्या भागाच्या आडव्या पातळ चकत्या करतात व त्या उन्हात अथवा मंद उष्णतेवर कडकडीत वाळवितात. कापताना हातांत रबरी मोजे असावे. विळी, सुरी व पाट स्वयंपाकाचे नसावे. वाळलेल्या चकत्या हवेतील ओल झपाट्याने ओढून घेतात व चूर्ण तर घट्ट गोळा होऊन बसते. म्हणून कोकणाच्या दमट हवेत त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी कळीच्या चुन्याची पुरचुंडी ठेवून, साठवाव्या लागतात. डब्यावर 'विष' असे ठळक अक्षरांत लिहून तो कुलपात ठेवावा.

खरेदीदार निश्चित नसता केवळ औषधी वनस्पती म्हणून रानकांद्याची लागवड हाती घेणे शहाणपणाचे नाही. त्याची मागणी मर्यादित असून बियांपासून उपयुक्त आकाराचा कांदा होण्यास काही वर्षे लागतात. ज्यांना करार करून लागवड करावयाची असेल त्यांनी निचऱ्याची, वाळूमिश्रित अथवा मुरमाड जमीन निवडावी. कांद्याची मान मातीच्या वर राहील इतकेच खोल लावावे व पाणी साचू देऊ नये, कारण साचलेल्या पाण्यात कांदा कुजतो. मोठ्या कांद्याच्या बुडाशी येणारी पिल्ले लावली तर बियांपेक्षा लवकर वाढ होते. पाने सुकल्यानंतर पाणी देण्याची गरज नाही. वाळूतील कांदा उन्हाळाभर स्वतःच्या पापुद्र्यांतील पाण्यावर जगतो आणि त्याच शिदोरीवर फुलोराही काढतो.

रानातून कांदे सरसकट खणून काढणे मात्र दोन कारणांनी अनिष्ट आहे. किनाऱ्यावरील वाळूचे दांडे समुद्राच्या लाटा व खारे वारे यांपासून माडाच्या बागांचे रक्षण करतात. मर्यादवेल, रावणाच्या मिशा, केवडा व असे कंद यांच्या मुळांनी ती वाळू धरून ठेवलेली असते. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार वाळूचे दांडे सर्वांत संरक्षित वर्गात येतात. दुसरे असे की सह्याद्रीच्या सड्यांवर व कड्यांवर रानकांद्याच्या काही दुर्मीळ भाईबंद जाती आहेत. त्यांचे कांदे व पाने सामान्य माणसास वेगळी ओळखता येत नाहीत, आणि एकाच्या नावाखाली दुसऱ्याचा समूळ नाश होण्याचे भय असते. व्यापारासाठी कांदे गोळा करावयाचे झाल्यास जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे व राज्य जैवविविधता मंडळाकडे विचारणा करावी.

वनस्पतीच्या ओळखीबद्दल शंका असल्यास पान, फुलोरा व कांदा असा नमुना कागदात दाबून, तो कोठे व कोणत्या महिन्यात मिळाला याच्या टिपणासह, दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे किंवा पुणे येथील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागाकडे दाखवावा. फुलोरा व पाने एकाच वेळी मिळत नसल्यामुळे जागेवर खुणेची काठी रोवून ठेवावी, वैशाखात फुलोरा घ्यावा व आषाढात त्याच जागेची पाने घ्यावी. बोंडे तडकू लागली म्हणजे थोडे बी जमवून ते पहिल्या पावसाबरोबर त्याच पुळणीवर, भरतीच्या रेषेच्या पुष्कळ वर, वाळूत उथळ पेरून टाकावे.